भेंडीबाजारचे तिघे बंधु

हिंदुस्थानी संगीतांतील घराण्यांचीं नांवें एकामागून एक घेतलीं, तर जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतील राजधान्यांची यादी वाचल्यासारखें वाटतें. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, रामपूर, पतियाळा. बहुतेक नांवांमागें एखादा राजा अगर नबाब उभा असतो, त्याचा वाडा असतो, त्यानें गवयास बांधून दिलेली नेमणूक असते. या मालिकेंत एक नांव मात्र असें आहे कीं, त्याच्यामागें राजा नाहीं, वाडा नाहीं आणि नेमणूकहि नाहीं. तें नांव एका बाजाराचें आहे, आणि तो बाजार आपल्या मुंबईंतला आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आतांच्या महात्मा फुले मंडईच्या उत्तरेस, महंमदअली रस्त्याला लागून असलेला भेंडीबाजार तो हाच. गिरगांवांतून सी. पी. टँकच्या वाटेनें पायीं निघालेला मनुष्य अर्ध्या तासाच्या आंत तेथें पोंचतो.

या नांवाची उपपत्ति दोन प्रकारें सांगतात. कोटांत राहणारे साहेबलोक मंडईच्या पलीकडल्या वस्तीला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत व त्याचा आपल्या लोकांच्या तोंडीं भेंडीबाजार झाला, असें एक मत आहे. तेथें पूर्वीं भेंडीचीं झाडें होतीं, असें दुसरें. आम्हांला दुसरें अधिक पटतें. कारण चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी अशीं झाडांचीं नांवें या शहरानें जागोजाग अंगावर वागविलीं आहेत, आणि प्रत्येक गोष्टीचें मूळ साहेबाच्या जिभेवर शोधण्याची कांहीं गरज नाहीं. तें कसेंहि असो. ज्या रस्त्यावर हातगाडीवाला, अत्तरवाला, भांड्यांचा ठोका आणि मशिदींतील बांग यांचा आवाज दिवसभर थांबत नाहीं, त्या रस्त्याचें नांव हिंदुस्थानी संगीतांतील अत्यंत संथ, मितभाषी आणि घरगुती अशा गायकीला मिळावें, यांतली मौज वाचकांच्या ध्यानीं आल्यावांचून राहणार नाहीं.

ही गायकी येथें आणणारे छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे तिघे सख्खे भाऊ होते. मुरादाबादेकडील बिजनौरचे दिलावर हुसेन खाँ हे त्यांचे वडील व पहिले गुरु. हे बंधु १८७० च्या सुमारास मुंबईस आले आणि भेंडीबाजारांत बिऱ्हाड करून राहिले. काळ कसा होता हें पाहिलें म्हणजे त्यांच्या येण्याचें कारण उमगतें. लखनौची नबाबी १८५६ सालीं खालसा झाली होती, दिल्लीचें तख्त पुढच्याच वर्षीच्या धामधुमींत गेलें होतें, आणि उत्तरेंतील गवयांचे आश्रयदाते एकेक करून नाहींसे होत होते. इकडे मुंबईंत कापसाचा पैसा खेळत होता. १८७० सालींच मुंबई व कलकत्ता हीं शहरें जबलपूरमार्गें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. आणि त्याच सालीं कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकारानें पारशी मंडळींनीं येथें गायनोत्तेजक मंडळी काढली. दरबार नसलेल्या शहरांत गाणें ऐकणारा, गाणें शिकणारा आणि त्यासाठीं पदरचा पैसा देणारा असा एक नवा वर्ग तयार होत होता. तिघां भावांनीं त्याच्या भरंवशावर संसार मांडला. १८९० च्या सुमारास त्यांच्या गाण्याला स्वतंत्र घराण्याची ओळख मिळालेली होती.

आतां हें गाणें होतें तरी कसें? या गायकीबद्दल पहिली गोष्ट सांगतात ती श्वासाची. एका दमांत लांबच लांब स्वरवाक्य म्हणण्याविषयीं या बंधूंची ख्याति होती. श्वास लांबला म्हणजे उतावळेपणा आपोआप जातो. स्वरावर बसून राहतां येतें. दुसरी गोष्ट म्हणजे खुला आकार. शब्दांची गर्दी न करितां, नाकांत अगर गळ्यांत आवाज न कोंडतां, मोकळ्या ‘आ’मध्यें राग उलगडावयाचा. तिसरी गोष्ट म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न मारतां घसरत जाणें. यांतील कोणत्याहि गोष्टीला मोठा सभामंडप लागत नाहीं. उलट मंडप जितका मोठा तितकें हें गाणें हरवतें. चाळींतील एखादी दहा-बारा हातांची खोली, दोन तंबोरे आणि भिंतीला टेकून बसलेली आठ-दहा माणसें एवढें त्याला पुरे.

येथें तबल्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण हल्लीं आमच्या घरांतील तरुण मंडळींना ठेक्यावांचून गाणें म्हणजे मिठावांचून भात वाटूं लागला आहे. तबला, ढोल आणि गिटार यांचा खणखणाट नसेल तर गाणें सुरू झालें हेंच पुष्कळांना कळत नाहीं. वस्तुतः आपल्या संगीताचा जो अगदीं जुना व गंभीर भाग, म्हणजे ध्रुपदाचा आलाप, त्यांत पखवाज मुळींच नसतो. तंबोरा व कंठ यांवर तो चालतो. पखवाजी शेजारीं बसलेला असतो खरा, पण त्याचे हात मांडीवर असतात. धृपद सुरू होईपर्यंत त्याला काम नाहीं. या तिघां भावांना डागरांच्या परंपरेंतील ध्रुपदाची तालीम लाभली होती, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. ते गात तो ख्याल, आणि ख्यालाला तबला हा हवाच. परंतु ज्यानें तालावांचून राग उभा करण्याची संवय लावून घेतली आहे, त्याच्या ख्यालांतहि तबला यजमान होत नाहीं, घड्याळासारखा भिंतीवर राहतो. ज्यांनीं घड्याळाच्या टिकटिकीवर डोळा ठेवून जेवण उरकलें आहे आणि ज्यांनीं सुट्टीच्या दिवशीं निवांत जेवण केलें आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाहीं.

आतां या गायकीचें खरें मर्म. त्याला मेरुखंड अगर खंडमेरु म्हणतात. नांव अवघड, गोष्ट सोपी. सा, रे, ग हे तीनच स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदांच घेऊन त्यांची मांडणी किती तऱ्हांनीं होईल? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा तऱ्हा झाल्या. सातवी होत नाहीं. घरांतील तीन मुलांना पंक्तीला बसवितांना आजीबाईंना हें गणित रोज करावें लागतें. धाकट्याला मधें बसवावें तर तो दोघांच्याहि पानांत हात घालतो, कडेला बसवावें तर रुसतो. चौथें मूल आलें कीं सहाच्या चोवीस होतात, पांचवें आलें कीं एकशेंवीस. सातहि स्वर घेतले तर मांडण्या भरतात पांच हजार चाळीस. मिनिटाला एक म्हटली तरी अहोरात्र अखंड साडेतीन दिवस लागतील.

या गणिताचें लेखी मूळ कोठें आहे, हें पाहिलें म्हणजे मराठी वाचकाचा ऊर भरून यावा. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथांत खंडमेरूची रीत सविस्तर दिलेली आहे. आणि शार्ङ्गदेव होता देवगिरीचा, यादवराजा सिंघण याच्या पदरचा. म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकांत औरंगाबादेजवळच्या त्या डोंगरी किल्ल्याच्या सावलींत लिहिलें गेलेलें गणित साडेसहाशें वर्षांनीं मुंबईच्या एका मुसलमानी वस्तींत, उत्तरेकडून आलेल्या उस्तादांच्या गळ्यांत नांदत होतें. 

पण पलट्यांची पाटी घोकणें म्हणजे मेरुखंड गाणें नव्हे, ही खूणगांठ वाचकांनीं बांधावी. शिष्यानें वर्षानुवर्षें हीं सगळीं मांडणें घोकावयाचीं, तीं कशासाठीं? तर बैठकींत बसल्यावर त्यांतील चारच निवडतां यावीं म्हणून. ज्याच्या कपाटांत एकच पातळ आहे तिला निवड करावी लागत नाहीं. आणि ज्या बाईला कपाटांतील प्रत्येक पातळ, त्याचा पोत, त्याचा काठ आठवतो, तीच योग्य वेळीं साधें पांढरें नेसूं शकते. थोड्या स्वरांत फार सांगण्याची ही कला आहे, आणि थोडें घेण्यासाठीं आधीं सगळें हातांत असावें लागतें. ऐकणाऱ्याला तेवढें दिसत नाहीं. त्याला वाटतें गवई गंधारावर उगाच रेंगाळतो आहे. वास्तविक तो रेंगाळत नसतो. त्या गंधाराकडे येण्याच्या किती वाटा आहेत त्या एकेक दाखवून परत जात असतो.

अशा गाण्याला बाजारांत भाव किती? याचें एक परदेशी उदाहरण आमच्या वाचनांत आहे, तें येथें देतों. अमेरिकेंतील जिमी जुफ्री या क्लॅरिनेटवादकानें १९६१ सालीं पॉल ब्ले याचा पियानो व स्टीव्ह स्वालो याचा बास एवढींच वाद्यें घेऊन तिघांचा एक संच केला. त्यांच्या जाझ संगीतांत ढोलावांचून चालत नाहीं अशी समजूत. यानें ढोल तर वगळलाच, पण आधींच्या संचांत घेतलेली गिटारहि वगळली. तिघेहि अगदीं हळू, एकमेकांचें ऐकत वाजवीत. थोड्याच काळांत हा संच मोडला. न्यूयॉर्कच्या एका कॉफीगृहांत एका रात्रीं प्रत्येकाच्या वांट्याला पस्तीस सेंट आले, आणि त्या रात्रीं त्यांनीं तो मोडण्याचें ठरविलें. पुढें तीस वर्षांनीं त्याच तबकड्या पुन्हां निघाल्या आणि जाणत्यांनीं त्या डोक्यावर घेतल्या. पस्तीस सेंटांची ही गोष्ट ऐकून आम्हांला हंसूं आलें नाहीं. भेंडीबाजारच्या तिघांना निदान एकमेकांचें रक्ताचें नातें होतें. पैशाअभावीं भावाभावांचा संच मोडत नाहीं.

मोडला नाहीं, पण तो पुढें कोणाच्या हातीं गेला? येथें आमच्यासारख्या घरांनीं मान खालीं घालावी अशी हकीकत येते. ज्या काळीं हे उस्ताद गिरगांवापासून हांकेच्या अंतरावर शिकवीत होते, त्या काळीं पांढरपेशा ब्राह्मण घरांत मुलीनें तंबोरा हातांत धरणें म्हणजे नाक कापून घेणें होतें. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व १९०८ सालीं तें मुंबईस आणलें, तेव्हां कोठें आपल्या घरांचीं दारें गाण्याला किलकिलीं झालीं. त्यापूर्वीं ही विद्या जिवंत ठेवली ती गोव्याकडून आलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनीं. त्यांच्यांत अंजनीबाई मालपेकर यांचें नांव पहिलें घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १८८३ चा, गोमंतकांतला. वयाच्या आठव्या वर्षीं नझीर खाँसाहेबांसमोर त्यांना बसविण्यांत आलें, आणि त्या वर्षानुवर्षें तेथेंच बसल्या. एकच गुरु, एकच रीत, आणि तेच तेच पलटे. आठ वर्षांच्या मुलीला शाळेंत पाढ्यांचा कंटाळा येतो. येथें पाढे होते पांच हजारांवर. १८९९ सालीं, सोळाव्या वर्षीं, त्या मुंबईंत जाहीर गायल्या.

पुढें अंजनीबाईंनीं जाहीर बैठकी सोडल्या आणि शिकविण्याचें व्रत घेतलें. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांची नांवें पाहिलीं म्हणजे एका घरांतल्या शांत दिव्यावर किती दिवे लागले हें कळतें. गिरगांवांत ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांनीं १९२५ सालीं संगीतविद्यालय काढलें होतें; तेथें लहानाचे मोठे झालेले कुमार गंधर्व अंजनीबाईंकडे गेले. मोगूबाई कुर्डीकरांची कन्या किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकली. ही दोघें पुढें आपापल्या वाटेनें इतकीं दूर गेलीं कीं, त्यांच्या गाण्याला भेंडीबाजारचें म्हणणें बरोबर होणार नाहीं. तरी किशोरीताईंचा एखादा स्वर दुसऱ्या स्वरांत न तुटतां वितळतांना आम्हीं जेव्हां ऐकतों, तेव्हां आम्हांला नझीर खाँसाहेबांच्या शिष्येची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. संगीत नाटक अकादमीनें १९५८ सालीं अंजनीबाईंना आपली फेलोशिप दिली. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ सालीं, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या.

दुसरी धार छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे गेली. जन्म १८८८, मृत्यु १९५३. वडिलांची व चुलत्यांची विद्या त्यांनीं जशीच्या तशी पेटींत ठेवली नाहीं. कर्नाटक संगीताचा त्यांनीं मनापासून अभ्यास केला, आणि तिकडचा हंसध्वनि राग इकडच्या गळ्यांत असा बसविला कीं आज तो परका आहे हें सांगावें लागतें. हा राग मुत्तुस्वामी दीक्षितारांचे वडील रामस्वामी दीक्षितार यांनीं निर्माण केलेला. सा, रे, ग, प, नि. स्वर अवघे पांच. मध्यम नाहीं, धैवत नाहीं. मेरुखंड जाणणाऱ्या माणसानें तो उचलावा यांत आम्हांला नवल वाटत नाहीं. पांचांच्या एकशेंवीस मांडण्यांत ज्याला मौज वाटते, त्याला सहावा स्वर अडगळच वाटावयाचा. ‘अमर’ या नांवानें त्यांनीं पुष्कळ बंदिशी बांधल्या. वसंतराव देशपांडे, मन्ना डे, शिवकुमार शुक्ल, त्र्यंबकराव जानोरीकर यांना त्यांची तालीम मिळाली. विशीच्या आंतबाहेरच्या लता मंगेशकर याच अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या. चित्रपटांतील गाणें तीन मिनिटांचें. त्यांत श्वास कोठें घ्यावा आणि कोठें घेतला हें कोणाला कळूं देऊं नये, हें ज्यांना लताबाईंच्या गाण्यांत जाणवलें असेल, त्यांनीं वर सांगितलेली एका दमाची गोष्ट पुन्हां आठवावी.

तिसरी धार वाकडी वाट करून इंदूरास गेली. तेथील सारंगीये शहामीर खाँ हे भेंडीबाजारच्या उस्तादांकडे शिकले होते. त्यांनीं आपल्या मुलाला मेरुखंड घोकविलें. तो मुलगा म्हणजे अमीर खाँ. १९१२ सालीं जन्मलेले हे गवई १९७४ सालीं कलकत्त्यास मोटार-अपघातांत वारले. तबल्याचा प्रश्न त्यांनीं आपल्या पद्धतीनें सोडविला. झुमरा ताल त्यांनीं इतका विलंबित केला कीं, एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत ऐकणाऱ्यानें वाट पाहावी. साथीदाराकडून त्यांना साधा, स्वच्छ ठेका हवा असे. मधेंच हात मोकळा करून घेणें, चमकून जाणें त्यांना खपत नसे. मोठे तबलजी अशा साथीला कंटाळत असतील, आणि त्यांचा कंटाळा आम्ही समजूं शकतों. पण ढोल काढून टाकल्यावांचून ढोलाला मूक करण्याची ही युक्ति ज्यानें शोधली, त्यानें या संथ गाण्याला मोठ्या सभागृहांत नेऊन जगविलें. त्याची किंमतहि पडली. त्यांच्यामागून मंद गाणारे पुष्कळ निघाले. गति मंद करणें सोपें आहे. मधली जागा भरण्याइतकी शिदोरी गांठीं असणें कठीण. ती नसेल तर संथ गाणें नुसतें लांबतें, आणि शेवटच्या रांगेंतील मंडळी चहाला उठतात.

तिघां मूळ बंधूंचा आवाज आज कोणालाहि ऐकावयास मिळत नाहीं. हिंदुस्थानांत तबकड्या घेण्यास आरंभ झाला १९०२ सालीं, कलकत्त्यांत. आणि त्या तबकडीची लांबी तीन मिनिटें. एका षड्जावर तेवढा वेळ बसणाऱ्याला ती काय पुरणार? अमान अली खाँसाहेबांचीं ध्वनिमुद्रणेंहि फार थोडीं. म्हणून घरांतील मुलाबाळांना या गायकीचा वास तरी लागावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं अमीर खाँसाहेबांचा मारवा लावावा. १९६० सालीं त्याची मोठी तबकडी निघाली, तिच्या एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे, आणि आतां ती कोणत्याहि दूरध्वनियंत्रावर सहज मिळते. मारव्यांत पंचम नाहीं, आणि षड्जावर यावयाचें तें सुद्धां जपून, उशीरा. दिवेलागणीच्या वेळीं लावावा. पंखा बंद करावा. पहिलीं दहा मिनिटें मुलें चुळबूळ करतील, तिकडे लक्ष देऊं नये. षड्ज येईपर्यंत थांबलेलें मूल पुढच्या खेपेस आपण होऊन येऊन बसतें, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

भेंडीबाजाराची जुनी वस्तीहि आतां राहिलेली नाहीं म्हटलें तरी चालेल. २००९ सालीं स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनें तेथील साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेंच्या आसपास इमारती पाडून उंच मनोरे बांधण्याचें काम हातीं घेतलें. इमारती जुन्या व धोक्याच्या होत्या. माणसांना हवा-उजेडाचीं घरें मिळावींत हें योग्यच. मुंबईबाहेरचे गवई मात्र ‘भेंडीबाजार’ हा शब्द उच्चारतांना अजून कानाची पाळी धरतात, आणि त्या नांवाचा बाजार खरोखरीच कोठें आहे हें त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसतें.